फुगवलेल्या छातीचं माप

रोशन गेल्याची बातमी मला माझ्याच वाक्यावरून कळली. दुपारी ऑफिसात मीटिंग होती, फोन उलटा ठेवला होता. बाहेर येऊन पाहिलं तर शोभामावशीचे चार मिस्ड कॉल आणि मोहल्ल्याच्या ग्रुपवर एक चित्र. काळ्या बनियनमधला रोशन, हात कमरेवर, छाती भरून घेतलेली. फोटोभोवती झेंडूचा हार काढलेला, कोपऱ्यात मेणबत्ती. वर लिहिलेलं, 'वीर साथी को नमन'. खाली, तो कामाला होता त्या सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या ठेकेदाराचं नाव आणि त्याच्याही खाली एक ओळ… 'बदन किस्मत से नहीं, मेहनत से बनता है'. ती ओळ मी लिहिलेली. फोटोही मीच काढलेला, मावशीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. मी आधी ओळ ओळखली, मग हार पाहिला. हा क्रम मला अजून पचलेला नाही.

याला आता दीड महिना झाला. ती ओळ मला परत घ्यायची आहे, म्हणून हे लिहिते आहे.

रोशन माझा मावसभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. रेल्वेच्या नोकरीपायी आमच्या दोन्ही घरांचे लोक वर्ध्याकडून रायपूरला आले ते इथलेच झाले. मावसाजी लवकर वारले. तात्यापाऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत मावशीने शिलाई मशीन टाकली आणि ब्लाउज शिवून मुलाला वाढवलं. माझे वडील रेल्वेच्या युनियनचे. आमच्या पलंगाखाली कपड्यांच्या ट्रंकेऐवजी पत्रकांचे गठ्ठे असत; बाराखडी मी त्यांच्यावरच गिरवली. म्हणून रोशन मला कधी ताई म्हणाला नाही. "ए पांपलेट," अशीच हाक मारायचा, पॅम्फ्लेटवरून. आणि त्याला सगळं जग सुतळी म्हणायचं.

बारीक माणसाची थट्टा करायला कुणाला परवानगी लागत नाही. जाड माणसाला तोंडावर जाड म्हणताना निदान थोडं तरी अडखळतात. रोशनला मात्र लग्नात, बारशात, किराण्याच्या दुकानात, कुणीही मनगटाला अंगठा आणि बोट लावून माप घेऊन पाहायचं. "शोभाबाई, पंखा बंद करा, पोट्टा उडून जाईन." मग प्रत्येकाचा एक उपाय. कुणी केळं सांगे, कुणी जंताचं औषध, कुणी लग्न. तो हसायचा. पण शर्टाच्या आत दोन बनियन घालायचा, रायपूरच्या मे महिन्यात, खांदे जरा भरलेले दिसावेत म्हणून. पाठीवर घामोळं उठायचं आणि मावशी पावडर लावता लावता म्हणायची, "एक काढ न बापा." तो काढत नसे.

मग तो पोलीस भरतीला गेला. धावण्यात पास, उडीत पास. छाती मोजतात दोनदा, एकदा साधी आणि एकदा फुगवून, आणि दोन्हींत पाच सेंटीमीटरचा फरक पडावा लागतो. फरक पडला, साधी छातीच एका सेंटीमीटरने कमी भरली. टेप धरणारा म्हणाला, "घर जाओ बेटा, मम्मी से बोलो खाना दे." रोशन घरी आला आणि मशीनवरची टेप उचलून आईच्या हातात देत म्हणाला, "तू मोज. ते चुकून राहिले." मावशीने मोजलं. ते चुकले नव्हते.

त्यानंतर तो माझ्याकडे आला. "मी खाऊन खाऊन मरून राहिलो, तरी काहून नाही वाढून राहिलं माझं वजन?" मी त्याला वही दिली आणि म्हटलं, आठवडाभर तोंडात जाईल ते सगळं लिही, एक घोटसुद्धा सोडू नको. आठवड्याने वही उघडली तर त्यात सकाळचं खाणं नव्हतंच. चहा होता. पुन्हा चहा होता. दुपारी डबा 'थोडा उरला', संध्याकाळी समोसा, रात्री दोन पोळ्या. तोही पाहत राहिला. त्याला खरंच वाटत होतं की आपण खूप खातो. आजवर सगळ्यांनी त्याला 'खा' म्हटलं होतं, आणि तेवढं ऐकूनच त्याचं पोट भरत असावं.

समता कॉलोनीत एक छोटं जिम आहे. तिथले गुड्डू भैया सज्जन माणूस. डब्यातल्या पावडरी विकत नाहीत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "छह महीने आईना मत देखना." बैठका, खांद्यावर लोखंडी दांडा, जमिनीवरून वजन उचलणं, आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी थोडंसं जास्त. बाकीचे दिवस झोप. आणि खाणं. सकाळी शेजारच्या साहू काकींकडून शिकलेली बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, कांद्याबरोबर, मग शेंगदाणे, दुधात कुस्करलेली केळी, भिजवलेले चणे, दुपारी भाताचा डोंगर. अंडी गच्चीवर, वेगळ्या स्टोव्हवर, कारण मावशीच्या स्वयंपाकघरात अंडं आलेलं नव्हतं. तीन महिन्यांनी वर गेले तर मावशी स्वतः नाकाला पदर लावून अंडी उकडत होती. "त्याच्याकडून फुटून राहिले होते," एवढंच म्हणाली.

महिन्याला एक किलो, कधी तेवढंही नाही. तापाने आठवडा गेला की दोन महिन्यांचं काम धुऊन निघायचं. कंटाळून एकदा त्याने ताट सरकवलं आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "जेवण म्हणजे ड्युटी झाली यार." तरी ताट परत ओढलं. मावशी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याला दारात उभं करायची, गळ्यातली टेप काढून छातीभोवती घ्यायची, एकदा साधी, मग "आता फुगव". तो श्वास भरायचा, ती वाकून आकडा बघायची आणि "सोड" म्हणायची. वाढ दिसली की टेपवर त्या जागी लाल दोऱ्याचा एक टाका घालायची. दोन वर्षांत शेहेचाळीसचा चौसष्ट किलो झाला. टेपवर लाल टाक्यांची रांग झाली. गिऱ्हाईक बाया विचारायच्या, हे काय हो? मावशी म्हणायची, "पोट्टा आहे माझा."

भरती मात्र निघाली नाही. आज निघेल, उद्या निघेल करता करता त्याचं वय बसेनासं झालं. ज्या टेपसाठी त्याने छाती वाढवली ती टेप धरायला सरकार आलंच नाही. तोवर तो शहराबाहेर सिलतऱ्यात स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला होता, काटाघरात. दिवसभर ट्रक तोलायचे आणि पर्च्या फाडायच्या. बारीक होता तेव्हाच घेतलेला, आणि बारीक होता म्हणूनच तिथे बसवलेला. "मी ट्रकचं वजन करतो, ट्रक माझं विचारत नाही," असं म्हणायचा. काटाघराला पंखा होता, खिडकी होती.

इथे मी येते. गुड्डू भैयांना जिमसाठी पत्रक हवं होतं, आणि पत्रक म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांचे हात शिवशिवतात. एका बाजूला भरतीच्या वेळचा रोशन, दुसऱ्या बाजूला गच्चीवरचा. खाली माझी ओळ. मला वाटलं, मी काहीतरी खरं लिहिलं आहे… नशिबाच्या तोंडावर मारलेलं. एक गोष्ट मला आता दिसते. वडिलांच्या प्रत्येक पत्रकावर आवळलेल्या मुठीचं चित्र असे आणि तो हात कायम पिळदार असे. काडीसारख्या हाताची मूठ मी कधी छापलेली पाहिली नाही. मलाही ती छापावीशी वाटली नाही.

रोशनने हौसेने ते पत्रक कारखान्याच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर चिकटवलं. ठेकेदाराने चहा पिता पिता ते पाहिलं. "अबे, ये तो अपना रोशन है! ऐसी बॉडी लेके पर्ची काट रहा है?" पुढच्या सोमवारी त्याला मेंटेनन्सच्या टोळीत टाकलं. तो फोनवर ओरडलाच, "पांपलेट, तुझ्यामुळे प्रमोशन झालं!" मावशीने पेढे वाटले. मी दोन खाल्ले. भट्टीच्या मागे धूळ साचते ती बंद खोली साफ करणं त्या कामात येतं का, हे आम्ही कुणी विचारलं नाही. माझ्या वडिलांनीसुद्धा नाही. आमचं सगळं आयुष्य असले प्रश्न इतरांच्या वतीने विचारण्यात गेलं आहे.

त्या दिवशी काय घडलं ते आम्हाला कारखान्याने सांगितलं नाही. तेराव्याच्या आधी एक माणूस दारात येऊन उभा राहिला. चप्पल बाहेरच काढली, आत यायला तयार नव्हता. तीजराम नाव, चाळिशीचा, हाडं मोजता येतील असा. त्याच्याकडून कळलं. भट्टी बंद केली होती, साफसफाईला तो आणि आणखी एक जण त्या खोलीत उतरले. गॅस निघून गेला आहे का, हे कुणी मोजलं नव्हतं; मोजायचं यंत्र साहेबांच्या कपाटात होतं आणि कपाटाला कुलूप. दोघे आत कोसळले. वर रोशन होता; पुढचं तीजरामला शुद्धीवर आल्यावर टोळीतल्यांनी सांगितलेलं. "सुपरवाइजर ह कहिस, तैं तगड़ा हस, तैं खींच लेबे," तीजराम छत्तीसगढीत म्हणाला; तू तगडा आहेस, तू ओढून आणशील. ना दोर, ना तोंडावर काही. रोशन उतरला आणि याला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. चौसष्ट किलोच्या माणसाने पंचेचाळीस किलोचा माणूस. दुसऱ्यासाठी परत उतरला. मग दोघेही आतच राहिले.

मला एक गोष्ट सारखी दिसत राहते. आत उतरताना त्याने छाती भरून श्वास घेतला असणार. ती सवय दोन वर्षं आम्हीच लावली होती. आत वजन उचललं, दम लागला, आणि मग ती मोठी केलेली छाती जितकी भरते तितकी भरली… कशाने, ते डॉक्टरांच्या कागदावर आहे.

दोन दिवसांनी ठेकेदाराची माणसं आली. शाल, श्रीफळ, त्या चित्राची चौकटीत बसवलेली प्रत, आणि एक टाइप केलेला कागद. "माताजी, आपका बेटा वीर था. बस यहाँ साइन कर दीजिए." मावशीला हिंदी वाचता येतं. तरी तिने कागद माझ्याकडे सरकवला. "वाच बापा मोठ्यानं." मी वाचलं. रोशनने स्वेच्छेने, कुणीही न सांगता, साथीदारांना वाचवण्यासाठी आत उडी घेतली. सगळा कागद त्याच्या शौर्याने ओथंबलेला. त्यात सुपरवायझर नव्हता, कपाट नव्हतं, कुलूप नव्हतं.

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे भाषण तयार होतं, ते कायम तयार असतं. पण मावशीच बोलली, आवाज न चढवता. "भैया, तो आपल्या मनानं जेवाले पण नाही बसला कधी. तीन हाका माराव्या लागे मले. तो आपल्या मनानं भट्टीत काहून जाईन?" समोरचा माणूस गोंधळला. त्याला मराठी पुरती कळली नव्हती. मी भाषांतर केलं, शब्दाला शब्द, आपल्याकडून काही न घालता. आयुष्यात एवढं कमी शब्दांचं पत्रक मी कधी तयार केलं नव्हतं. शाल तिने परत दिली. चौकट मी मागून घेतली, त्यांच्यासमोर मागची पट्टी उचकटली, चित्र बाहेर काढलं आणि खालची ओळ फाडून घेतली. कागदावर सही झालेली नाही. ते अजून येतात, फोन करतात, समजावतात. तीजरामने जे घडलं ते सांगून लिहवलं आणि खाली अंगठा दिला आहे. त्याची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली.

म्हणून, वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती. त्याला वीर म्हणू नका. तो बारीक मुलगा होता, त्याला चार लोकांत नीट उभं राहायचं होतं, आणि त्यासाठी त्याने दोन वर्षं भूक नसताना जेवण केलं. त्याचं अंग मेहनतीने बनलं, हे खरंच आहे. पण ती ओळ मी परत घेते, कारण कुणी कमावलेलं अंग कुणाच्या कामी लावलं जाईल, हे मी त्यात लिहिलं नव्हतं.

परवा तात्यापाऱ्यात गेले होते. मावशीने मशीन पुन्हा सुरू केली आहे. ठेकेदाराचा तो बिनसहीचा कागद मशीनच्या खणात आहे, वर दोऱ्याची रिळं. गळ्यात टेप तीच. मी म्हटलं, नवी आणू का? "काहून? ही चुकते का?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा ब्लाउज ढिला होऊन राहिला. उभी राह." मी दारात उभी राहिले, तो राहायचा तिथेच. तिने टेप माझ्याभोवती घेतली. लाल टाके बोटाखालून एकेक सरकत गेले… तिने आकडा पाहिला आणि सवयीने म्हणाली, "आता फुगव."

ब्लाउजच्या मापाला असं कुणी सांगत नाही. मी श्वास भरून घेतला, आणि ती "सोड" म्हणेपर्यंत सोडला नाही.