सुयशची हजेरी

पृथ्वीराजच्या घशात अख्खं कॉलेज राहायचं. प्रिन्सिपॉलचं खाकरणं, कँटीनवाल्याचं नाकातलं "चाय बोलो, चाय", कपूर सरांचं तासाच्या सुरुवातीचं "नाऊ, व्हॉट इज कंप्यूटर". पण रोज कामी यायचा तो सुयशचा आवाज. सर्दी झाल्यासारखा, शेवटाला खाली बसणारा. "येस सर."

पृथ्वीराज दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधला, सुयश कँटोनमेंटमधला. सुयशचे वडील फौजेत, सरहद्दीवर; घरी फक्त आई, म्हणजे पृथ्वीराजच्या सुनयनाकाकू. तिकडे गुडगावात कंप्यूटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि कपूर सरांच्या पिवळ्या नोट्स अजून जुन्या जमान्यातल्या पंचकार्डांपाशीच अडलेल्या. "यार, इथे बसून मी म्हातारा होईन," म्हणत सुयशने वर्ग सोडला आणि कमला नगरात शंभूच्या सायबर कॅफेत ठाण मांडलं. मोडेम किंचाळायचं, इंटरनेटचं पान अडकत अडकत उतरायचं आणि सुयश शिकायचा. परतीच्या बसमध्ये तेच पृथ्वीराजला शिकवायचा. हजेरीच्या बदल्यात शिकवणी, असा सौदा होता.

त्या दिवशी भर तासाला शिपाई दारात आला. "सुयश कौन है? घर से फोन है. मम्मी पूछ रही हैं, लड़का क्लास में है कि नहीं."

कुणीतरी चुगली केली, पृथ्वीराजला वाटलं. त्याने मागच्या बाकावर वहीआड तोंड लपवलं. "मैं हूँ जी. बोल दीजिए, पढ़ रहा हूँ."

पोरांनी हसू गिळलं. शिपाई गेला. आज तर आवाज सुयशपेक्षाही सुयशचा लागला होता.

तास सुटल्यावर पृथ्वीराज शाबासकी घ्यायला कॅफेत गेला. सुयशची खुर्ची रिकामी होती. शंभूचा चेहरा उतरलेला.

"कहाँ था तू? सुबह बस ने टक्कर मार दी उसे, इसी मोड़ पर. हिंदूराव अस्पताल ले गए. होश में नहीं है, डॉक्टर बोलता है घरवालों को जल्दी बुलाओ. मैंने फोन किया, तो आंटी ने कॉलेज से पूछा और उल्टा मुझे डाँटा. कहती हैं, मेरा बेटा क्लास में बैठा है, वो किसी और का होगा."

पृथ्वीराजने काउंटरवरचा फोन ओढला.

"काकू, पृथ्वीराज बोलतोय."

"अरे, बरं झालं. सुयशला सांग, सरळ घरी ये म्हणावं. कुणी मेला मस्करी करतोय, जीवच गेला होता माझा. आता कुठे कढी गॅसवर ठेवलीय."

"काकू, तो हॉस्पिटलमध्ये आहे. खरंच आहे. लगेच निघा."

"तूपण त्यातलाच का रे? शिपायाशी बोलला तो. पढ़ रहा हूँ म्हणाला."

"ते मी म्हणालो."

"चल, काहीतरीच." ती हसली. "माझ्या पोराचा आवाज कुणालाही काढता येईल होय?"

पृथ्वीराजने डोळे मिटले. आवाज फसावा, एवढंच मनात आलं. तसं कधीच आलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "पढ़ रहा हूँ."

फसला नाही.

पलीकडून हळूच, "सुयश?"

"नाही, काकू." आता त्याचा स्वतःचा आवाज निघता निघेना. "मीच आहे."

लांब कुठेतरी कढी उतू गेल्याचं चर्र झालं. गॅस कुणी बंद केला नाही.