उसनं घर

दत्तक देणाऱ्या संस्थेत मी समाजसेविका आहे. मूल मागणाऱ्या जोडप्याच्या घरी जायचं, बोलायचं आणि त्या घरात मूल नीट वाढेल का याचा अहवाल लिहायचा, हे माझं काम. होम स्टडी म्हणतात त्याला. लोक मात्र मुलगी बघायला पाहुणे यावेत तसे वागतात, कांदेपोह्यांसकट.

त्या जोडप्याच्या अर्जावर तळोज्याजवळच्या गावातला पत्ता होता. भेटीच्या आदल्या दिवशी नवऱ्याचा फोन आला, "मॅडम, आमी खारघरला शिफ्ट झालोय." गेले. टॉवरमधला सातवा मजला, चकाचक फ्लॅट. दोघं इथलीच, आगरी. तो कारखान्यात कंत्राटी कामाला, ती घरी ब्लाउज शिवायची. मे महिना, मी घामानं निथळत होते. म्हटलं, "दादा, जरा पंखा लावा."

त्यानं एक बटण दाबलं, ट्यूब लागली. दुसरं दाबलं, बाल्कनीतला दिवा. तिसऱ्याला देव्हाऱ्यातली माळ लुकलुकायला लागली. स्वतःच्या घरातला पंखा माणूस झोपेतही लावतो. माझं डोकंच सटकलं. वही मिटली आणि विचारलं, "हे घर कोणाचं?"

ती म्हणाली, "मोठ्या दिरांचं. ते देवाला गेलेत. आमच्या घराला पत्रा हाय, मॅडम. कोनीतरी बोललं, स्लॅब नसला तर मूल देत नाय."

असा कुठलाही नियम नाही. कोण उपटसुंभ लोकांच्या डोक्यात हे भरवतो, देव जाणे. मी दोघांना फाडफाड बोलले. माझ्या जिभेला हाड नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आता आमचं घर बघाल?"

रिक्षानं गावात गेलो. दोन खोल्या, वर पत्रा, दारात सारवलेलं अंगण. मी प्रश्न विचारत होते तेवढ्यात शेजारची तीन पोरं न विचारता आत आली आणि माठातलं पाणी प्याली. त्यातल्या एकीनं हिच्यापुढं डोकं केलं. हिनं माझ्याशी बोलता बोलता तिची वेणी घातली आणि पाठीत हलकेच धपाटा घालून तिला पिटाळलं. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं.

निघताना तिनं माझा हात धरला. "खारघरचं तेवढं लिवू नका. पाया पडते." मी हात सोडवून घेतला आणि रिक्षात बसले.

लिहिलं नसतं तर कोणाला कळलं असतं? कुणालाच नाही. लिहिलं तर फाईल बंद होणार हे जवळजवळ नक्की होतं. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी आमच्या अधीक्षिकांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, घर पत्र्याचं असू दे. पण हे लपवणारं घर आहे. उद्या मुलाला काही झालं आणि तेही लपवलं तर?" त्यांचं चूक नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

मी तिला फोन केला. "ताई, मी खरं ते लिहिणार. पण तुम्हीही लिहा. काय केलंत, का केलंत, तुमच्या शब्दांत." मला वाटलं, या बाईनं टाकलेला विश्वास मी पायदळी तुडवला. मग ती म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी दोघं वहीचं पान घेऊन आली. अक्षर गिचमिड, पण एकही सबब नाही. आम्हाला लाज वाटली म्हणून खोटं घर दाखवलं, एवढंच. मी ते पान अहवालाला जोडलं, दोन्ही घरांची हकिगत लिहिली आणि शेवटी मत दिलं: योग्य. अधीक्षिकांनी पान दोनदा वाचलं. "उद्या काही झालं तर तुझ्या गळ्याशी येईल हो," म्हणाल्या आणि सही केली.

यादीत नंबर लागायला काही वर्षं गेली. मग नऊ महिन्यांची मुलगी त्या घरात गेली. त्यानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी आम्ही भेटीला जातो. पहिली भेट छान झाली. दुसरीला अवकाश होता तेव्हा एका सकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, पोरगी पलंगावरून पडली. मी कापड कापत होते, माझंच लक्ष नव्हतं. लगेच दवाखान्यात नेली. डॉक्टर बोलले काय घाबरायचं नाय, कपाळाला टेंगूळ हाय फक्त. तुमी याल तवर ते उतरंल, तुमाला दिसनार पन नाय. तरी सांगते. लिवा तुमी."

मी रडणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी ऑफिसात भर दुपारी जेवणाचा डबा पुढ्यात ठेवून रडले. मग लिहायला बसले. आमच्या कागदांत या बायका शेवटपर्यंत 'अर्जदार' असतात, तीच पद्धत आहे. मी पडल्याची सगळी हकिगत लिहिली आणि खाली लिहिलं, 'ही माहिती आईने स्वतःहून कळवली.' अधीक्षिकांनी वाचलं, आणि काहीही न खोडता सही केली.