गळ्यात अडकवायचा टॉर्च

मी मेकॅनिक माणूस. सायकली, स्टोव्ह, पेट्रोमॅक्स दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. दिवा लागला तर का लागला आणि विझला तर का विझला, एवढं मला सांगता येतं. भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून जायचो... आजही जातो. तरी हे लिहितोय.

दुसरं महायुद्ध चालू होतं. आम्ही एरंडोलला राहत होतो. माझी बायको सुभद्रा सुईण – धुळ्याला रीतसर शिकून आलेली. आसपासच्या खेड्यांत सगळे तिला अक्का म्हणत. तिकडच्या घरांत आतल्या खोलीला खिडकी नसायची, भर दुपारीही चिमणी लावावी लागे. अशाच एका बाळंतपणात चिमणी धरलेल्या बाईला भोवळ आली, दिवा पडून विझला. पुन्हा पेटेपर्यंत बाळंतीण हातची गेली. सुभद्रा घरी आली ती जेवलीच नाही.

सकाळी म्हणाली, "अहो, माझे दोन्ही हात मोकळे राहतील असा दिवा करता येईल का? गळ्यात अडकवता येईल असा?"

लढाईमुळे बाजारात टॉर्च मिळत नव्हते. मी पितळी नळी शोधत होतो.

"जड होईल हो गळ्यात," म्हणत तिनंच परसातलं बांबूचं कांडं पुढं केलं. सेल त्यात नेमके बसले. तोंड खाली वळवलं, म्हणजे उजेड हातांवर पडेल. छोट्या वाटीला आतून कल्हई करून मधोमध बल्ब बसवला. स्विच पत्र्याच्या पट्टीचा. गळ्यातला पट्टा तिनं लुगड्याच्या काठाचा शिवला. सेल दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून उसने आणले. दार लावून टॉर्च पेटवला, तेव्हा तिनं दोन्ही हात उजेडात धरले, उलटेसुलटे करून पाहिले आणि लहान मुलीसारखी हसली.

त्याच आठवड्यात तिला ताप भरला. मुदतीचा ताप... त्यातून ती उठली नाही. टॉर्च एकाही बाळंतपणाला गेला नाही. मी सेल परत केले आणि तो खुंटीला अडकवून ठेवला.

पुढे कापसाची वेचणी सुरू झाली. एका बाजारच्या दिवशी पद्मालयाच्या वाटेवरच्या खेड्यातली एक म्हातारी दुकानात आली. हातात खण-नारळ.

"अक्का कोठे शे, भाऊ?"

मी सांगितलं.

"आसं काय बोलतस? परवा दुपारले तर उनी व्हती! मन्ही सून वाचाडी तिन्ही."

"दुसरी कोणी असेल, मावशी."

"मी अक्काले वळखत नई का?" ती चिडलीच. "गळामा दिवा व्हता तिना, लुगडाना काठ बांधेल. उजेडमा काया चांद दिखे."

वाटीच्या एका कडेला कल्हई धरली नव्हती. त्यामुळे उजेडात चंद्रकोरीसारखा काळा डाग पडायचा. तो आम्हा दोघांशिवाय कुणीही पाहिला नव्हता.

दुकान तसंच टाकून मी तिच्याबरोबर बैलगाडीतून गेलो. आतल्या अंधाऱ्या खोलीत सून बाळाला घेऊन निजली होती. मी दाराबाहेरूनच विचारलं, "अक्का काही बोलली?"

"'आजून जरासं, माय'... आसं म्हने," ती हळूच म्हणाली. "तिना हात गार व्हतात."

म्हातारी चहा ठेवायला गेली, परतली तोवर अक्का नव्हती. बाहेर ओट्यावर घरातली माणसं बसली होती. त्यांनी तिला येताना पाहिलं, जाताना कुणीच नाही.

घरी येऊन पाहिलं – टॉर्च खुंटीलाच होता. धूळ बसलेली. आत सेल नाहीत. त्या भागातल्या बाकीच्या सुइणींकडे चौकशी केली. त्या गावाला कुणी गेलं नव्हतं.

बारशाला त्यांनी मला बोलावलं. मुलीचं नाव सुभद्रा ठेवलं आणि ती माझ्या मांडीवर दिली. सगळ्यांसमोर मला रडू आवरलं नाही.

हे कसं झालं, मला अजून माहीत नाही. तिची गरज होती तिथं ती गेली, हे मात्र मला पटतं... तशीच होती ती. पण एरंडोल तिथून काही लांब नव्हतं हो. मी दुपारी घरीच जेवायला यायचो. एकटाच असायचो.