अंतरा कोणाचा

माझ्या दादानं त्याच्या जिवलग मित्राची बोटं फोडली, ती एका चालीपायी. ती चाल गाणारी मी होते. सतरा वर्षांची असेन.

बुऱ्हाणपुरात तेव्हा गणपतीत मेळे निघत. बैलगाडीवर उभं राहून मुलंमुली गाणी म्हणत, साथीला पेटी आणि तबला. आमच्या राजपुरा मोहल्ल्यातला मेळा दादा चालवायचा. तो शाळेत मास्तर होता, पण जीव सगळा पेटीत. तबल्यावर त्याचा मित्र बसे. मी त्याला भाऊ म्हणायचे, कारण लहानपणापासून तो आमच्याच पंगतीत जेवत आलेला. दोघं ओसरीवर बसून चाली बांधत. एक ओळ हा गुणगुणायचा, पुढची तो.

त्या वर्षी प्रांत तोडण्या-जोडण्याची बोलणी जोरात होती. आपण मराठी राज्यात जाणार की इकडेच राहणार, यावरून चहाच्या दुकानात माणसं एकमेकांच्या गळ्याला यायची. ओसरीवर बांधलेल्या एका चालीवर दादानं मेळ्यासाठी मराठी राज्याचं गाणं लिहिलं. भाऊला ते पटलं नाही.

"आपल्या गल्लीत निम्मे लोक हिंदी बोलणारे. त्यायले काऊन डिवचतो?"

"भीती वाटते तुला."

"भीती नाही. शेजार आहे आपला."

दादा त्याला फितूर म्हणाला. भाऊनं तबल्याची जोडी उचलली आणि पलीकडच्या मोहल्ल्याच्या हिंदी मेळ्यात जाऊन बसला.

विसर्जनाच्या दुपारी दोन्ही गाड्या तापीकडे निघाल्या आणि चौकात समोरासमोर अडकल्या. मराठी राज्याचं ते गाणं मी नुकतंच म्हणून संपवलं होतं. समोरच्या गाडीवर माझ्याच वयाची एक मुलगी उभी राहिली आणि गायला लागली. शब्द हिंदी, चाल आमची. मुखडा तोच. अंतऱ्यात आवाज जिथे वर चढून थांबतो, ती जागासुद्धा तीच. त्यांच्या बाजूच्या गर्दीतून कुणीतरी हसत ओरडलं, "अरे, इन्होंने तो हमारा गाना चुरा लिया!"

दादानं पेटी ढकलून दिली. मी त्याचा सदरा धरला, तो फाटून माझ्या हातात राहिला. तो थेट त्यांच्या गाडीवर चढला. लाथ घालून डग्गा फोडला. भाऊ म्हणाला, "ऐकून तर घे रे, चाल दोघांची..." पुढचं दादानं बोलू दिलं नाही. तबला ठोकून सुरात लावायची हातोडी तिथेच पडली होती. त्यानं भाऊचा उजवा हात गाडीच्या फळीवर दाबला आणि त्या हातोडीनं बोटांवर घाव घालत सुटला. भाऊ ओरडत होता, "हात नको! दादा, हात नको!" वयानं बरोबरीचा असूनही तो त्याला दादा म्हणाला. हाडाचा आवाज मला आमच्या गाडीवर ऐकू आला.

मग दोन्हीकडची माणसं एकमेकांवर तुटून पडली. आता ते भांडण चालीचं राहिलंच नव्हतं. "मराठों को मारो," "हिंदीवाल्यांना हाणा," असं चाललं होतं. दगड आले. एक माझ्या कपाळावर बसला. ती हिंदी मेळ्यातली मुलगी चाकाखाली शिरून रडत होती. बैल बिथरले, गणपती कलंडला, तो दोघा हमालांनी छातीवर झेलला. पोलिसांनी दिसेल त्याला लाठीनं झोडपलं. दादाला दोरी बांधून नेलं, तेव्हाही तो ओरडत होता, "चोर तो आहे!"

वकिलांनी बाबांना आधीच सांगितलं, "चाल कुठे छापलेली नाही, तबकडी निघालेली नाही. ती तुमची, हे कशावरून?" तरी दादाच्या हट्टापायी मला कोर्टात गावं लागलं. कपाळावर पट्टी होती. मी मुखडा म्हटला, अंतरा उचलला. समोर भाऊ बसला होता, उजवा हात प्लास्टरमध्ये. त्याच्या डाव्या हाताची बोटं बाकावर ठेका धरायला लागली. त्याचं त्यालाही कळलं नसावं. दादा पिंजऱ्यातून गुरगुरला, "हात थांबव." न्यायाधीशांनी मला मध्येच बसायला सांगितलं. म्हणाले, "गाना किसका है, यह मुझे नहीं देखना. उँगलियाँ किसने तोड़ीं?"

दादाला कैद झाली. शाळेतली नोकरी गेली.

तो तुरुंगात असताना भाऊ एकदा घरी आला. आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "काकू, मुखडा त्याचाच. अंतरा मी बांधलेला. मी माझा अंतरा घेऊन जाणार होतो, पण मुखड्याशिवाय तो उभाच राहिना." आईनं त्याच्या वाकड्या बोटांना तेल चोळलं. ती बोटं मिटत नव्हती. तो परत कधी तबल्यावर बसला नाही.

दादा सुटून आला त्या दिवशी आईनं पुरण घातलं होतं. जेवताना मी त्याला भाऊचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आई डोळ्यांनी नको नको म्हणत होती.

"अंतराही माझाच," तो म्हणाला.

"नाही. तो भाऊचा. मी ओसरीच्या दारात उभी होते. त्यानं बांधला तेव्हा तू वाहवा दिली होतीस."

त्यानं ताट भिंतीवर फेकलं आणि मला मारलं. तोंडात रक्ताची चव आली. मी जागची हलले नाही. पुन्हा म्हटलं, "अंतरा भाऊचा." त्यानं परत हात उचलला, पण बाबा मध्ये आले आणि त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, आपल्या मोठ्या मुलाच्या श्रीमुखात भडकावली. दादा उठून न्हाणीत गेला आणि आतून कडी लावली. पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पुढे त्याला नेपानगरला काम लागलं. मला खकनारकडे दिलं. आमचा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. दर राखीपौर्णिमेला दादा यायचा, मी ओवाळायचे. तो मुलांसाठी खाऊ आणायचा, त्यांना खांद्यावर घेऊन केळीच्या बागेत फिरवायचा. मुलांना मामा फार आवडायचा. तो त्यांच्याशी मस्ती करताना हात वर करायचा, तेव्हा मात्र मी चुलीपाशी बसल्या जागी दचकायचे.