काकांच्या दारूला हिंगाची धुरी

लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी दिली की मला काकांची दारू आठवते. निजामाचं राज्य नुकतंच संपलं होतं. काकांची गावाबाहेर लहानशी भट्टी होती. हैदराबाद सोडून निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी विलायती दारू मुरवलेली ओकच्या लाकडाची दोन जुनी पिंपं मिळवली आणि शहरातल्या गौलीगुड्याच्या घरी अंगणात आणून ठेवली. "विलायती चव या वासातच आहे," असं म्हणत ते आल्यागेल्याला पिंपात डोकं घालायला लावत. एकदा ते भट्टीवर गेले असताना काकूनं ती पिंपं चिंचेनं घासली, उन्हात वाळवली आणि वर हिंगाची धुरी दिली. परत येऊन काकांनी वास घेतला आणि तिथूनच काकूला हाक मारली. काकू म्हणाली, "मुरायला ठेवायचं म्हणता, मग धुरी नको?" दुसरी पिंपं मिळणार कुठून? शेवटी त्यांतच दारू भरली. वर्षभरानं परवान्यासाठी आबकारीचा अधिकारी चव बघायला आला. त्यानं घोट घेऊन डोळे मिटले; काकांनीही मिटले. मग त्यानं लांबलचक ढेकर दिला. "क्या चीज बनाए पंडतजी! दो दिन से पेट फूला था, अब हल्का लगरा. और डालो." परवाना मिळाला. सगळी करामत ओकची, असं काका अखेरपर्यंत सांगत राहिले. मी मात्र अजूनही धुरी देताना हिंगाची चिमूट जरा मोठीच घेते.