गेटवर सांगता न आलेला आजार

गोंदियाच्या एका सरकारी दवाखान्यात मी एचआयव्ही आणि गुप्तरोगाच्या रुग्णांची समुपदेशक आहे. कोविड आला आणि आमची खोली गेली. तिथं स्वॅब घेऊ लागले. मला शेजारच्या इमारतीत फोनवर बसवलं. कोणाला ताप आहे, कोणाला खोकला, एवढंच विचारायचं. माझ्या रुग्णांचं काय, असं साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "अभी ये सब छोडो."

देवरीकडच्या खेड्यातली एक विधवा बाई नेमानं गोळ्या न्यायला यायची. मोहफुलं, तेंदूपत्ता वेचून मुलीला शिकवत होती. तिला एचआयव्ही आहे हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. एसटी बंद झाल्यावर गोळ्या गावच्या आशा कार्यकर्तीच्या हाती पाठवते म्हटलं, तर गावाला कळेल म्हणून ती घाबरली. शेवटी भाजीच्या गाडीत बसून एकटीच गोंदियाला आली. मला कळलं ते तिच्या फोनवरून.

"मॅडम, मले हॉस्टेलात कोंडून ठेवलं. माह्या गोळ्या सरल्या."

"काऊन? दवाखान्यात गेली नाहीस?"

"गेली होती. गेटवर मोठ्यानं इचारलं, कायची दवाई पाहिजे. मागं आमच्या गावचा माणूस उभा होता. मी ताप आहे म्हणलं, तर इथं आणून टाकलं."

तेव्हा मी हाकेच्या अंतरावर बसून लोकांना तापच विचारत होते. मला राग आला. पण राग काढायचा कोणावर?

गोळ्या घेऊन मी हॉस्टेलवर गेले; तिथं विलगीकरण केंद्र केलं होतं. दारावरच्या माणसानं डबी उलटसुलट केली.

"कशाची औषधं?"

"तिची नेहमीची."

"नेहमीची म्हणजे?"

मी दारातून हलले नाही. अखेर वैतागून त्यानं तिला बोलावलं. तिनं डबी पदराखाली लपवली आणि आत गेली.

कोविड निघाला नाही, ती घरी गेली. पण पुढं पुन्हा गोळ्यांत खंड पडला. फोनही लागेना. एसटी सुरू झाल्यावर आली, तेव्हा ओळखू येत नव्हती. टीबी झाला होता. वाचली, पण बरेच महिने गेले.

"मला फोन काऊन नाही केला?" मी विचारलं.

"तुमी तरी काय केलं असतं, मॅडम?"

आमची खोली अजून परत मिळालेली नाही. तिथं मास्कचे खोके आहेत. मी व्हरांड्यात पडदा लावून बसते. बाहेर रक्ततपासणीची रांग असते, म्हणून आत येणाऱ्याला आधी हळू बोलायला सांगते.