लाल दोऱ्याची पाखरं

मेलेलं पाखरू हातात आलं की काका आधी त्याचे डोळे पाहायचे. पंख नाहीत, चोच नाही, आधी डोळे. अंगठ्याने पापणी हळूच वर सरकवायची, खिडकीच्या उजेडाकडे वळायचं आणि पाहत राहायचं. मग मान न वळवता मला म्हणायचे, "लेहा मॅडम. बुबूळ पिवळं. लिंबावानी नाही, पिकल्या आंब्यावानी." मी लिहायची. "सगळ्या रंगायमंधी हाच रंग आधी जाते," ते म्हणायचे. "पिसं शंभर वर्ष राह्यतात. डोळे घंटाभरही थांबत नाहीत."

आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागाच्या वरच्या मजल्यावर, पक्ष्यांचं संग्रहालय आहे. गावात त्याला 'पाखराची खोली' म्हणतात. काका कागदोपत्री तिथले परिचर होते. झाडलोट करायची, काचा पुसायच्या, एवढंच त्यांचं काम. पण पाखराचं कातडं सोलून, कापूस भरून ते टिकवायची विद्या त्यांनी एका जुन्या प्राध्यापकांच्या हाताखाली उचलली होती. ते प्राध्यापक गेल्यावर जिल्ह्यात ती दुसऱ्या कुणाच्या हाती उरली नव्हती. पाखरवाले काका म्हटलं की रिक्षावालाही वरच्या मजल्याकडे बोट दाखवायचा.

खोलीत शिरलं की डांबरगोळ्यांचा वास आणि त्यामागे काहीतरी जुनं, कोरडं, गोडसर. खिडक्यांना हिरवा रंग फासलेला, ऊन आत येऊन पिसांचा रंग उडू नये म्हणून. त्यामुळे भर दुपारीही तिथे तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटायचं. काचेच्या कपाटात बसवलेले चार-दोन पक्षी शाळेच्या मुलांसाठी. खरा संग्रह सागवानी खणांत. खण ओढला की पाखरं ओळीने उताणी निजलेली, डोळ्यांत कापूस, पायावर पाय, आणि पायांना बांधलेली चिठ्ठी. कुणी मोठ्याने बोललं की काका ओठांवर बोट ठेवायचे. "हळू. झोपून राह्यले." नवीन मुलं हसायची, पण आवाज खाली आणायची.

चिठ्ठी हा त्यांचा धर्म होता. पाखराचं नाव, कुठे सापडलं, कधी, कुणाला, बुबुळाचा रंग, पंखाची लांबी. सगळं काळ्या, न पुसणाऱ्या शाईने, टाकाने. "चिठ्ठी गेली तं पाखरू गेलं. मंग तो कापसाचा गोळा," असं म्हणायचे. ते आंधळगावच्या हातमागवाल्या घरातले. दोरा घरचाच आणायचे, मागावर उरलेला कोशाच्या रेशमाचा, आणि गाठही मागावरचीच मारायचे. ओढली की घट्ट बसणारी, एका टोकाला सुटणारी. ती गाठ त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवली. दहा वेळा सोडायला लावली, दहा वेळा बांधायला. "आता तुमची गाठ माह्यासारखी झाली," म्हणाले, आणि मला केवढा आनंद झाला. त्याबरोबर एक नियमही सांगितला: एका वेळी एकच गाठ सोडायची. तिची चिठ्ठी वाचायची, पुन्हा बांधायची, मगच दुसरीला हात लावायचा.

लोक पाखरं घेऊन यायचे. तारेला लागून पडलेली, जाळ्यात गुदमरलेली. वनखात्याचा कागद आल्याशिवाय काका सुरी उचलत नसत, पण पाखरू आणणाऱ्याला मात्र लगेच चहा. एकदा वरठीच्या कारखान्यातला एक कामगार पाळी संपवून मोटारसायकलवर आला आणि डब्याच्या पिशवीतून घुबड काढलं.

"डब्यात भाजी कोनती होती?" काकांनी विचारलं.

"काहून जी? भेंडी."

"मंग लेहावं लागन, पोटात भेंडी सापडली तं ते याची नोहे."

तो माणूस हसून हसून खाली बसला. पुढे दर महिन्याला तो काही ना काही घेऊन यायचा. एकदा तर नुसतं पीस आणलं, आणि काकांनी त्यालाही चिठ्ठी बांधली.

त्या दिवसांची आठवण काढली की मला सगळं संथ दिसतं. हिरवा उजेड, टाकाची कुरकुर, कापसाची बोटभर वळी करताना काकांचे पुटपुटणारे ओठ. मी तेव्हा तिशीतली, शिकवायच्या नोकरीत नवीन, अजून कायम न झालेली. त्या खोलीत मला भीती वाटत नसे. खाली विभागात वाटायची.

आता जे सांगायचं आहे ते मी तेरा वर्षं कुणाला सांगितलं नाही.

कॉलेजच्या तपासणीसाठी समिती येणार होती, तिच्यात पक्ष्यांचे एक जाणकार होते. काका चार दिवस आंधळगावला भाचीच्या लग्नाला गेले होते. मला वाटलं, काकांच्या काळ्या पडलेल्या चिठ्ठ्यांच्या जोडीला छापील, स्वच्छ कार्डं बांधावीत. समितीला बरं दिसेल, माझंही नाव होईल. चिठ्ठीची मागची बाजू सपाट केल्याशिवाय वाचता येईना. मी वटवट्यांचा खण काढला. वटवटे म्हणजे धानाच्या बांधीत, बोरूत फिरणारी बोटभर मातकट पाखरं. जाती वेगवेगळ्या, पण एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं इतकी सारखी. एकेक गाठ सोडत बसायला वेळ नव्हता. मी पूर्ण रांगेच्या सोडल्या, बावीस. चिठ्ठ्या पाखरांच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडल्या.

लाईन गेलेली होती. भंडाऱ्यात तेव्हा दुपारची जायचीच. पंख्याचं बटण सुरू राहिलंय हे माझ्या ध्यानात नव्हतं. लाईन आली, डोक्यावरचा पंखा फिरला, आणि बावीस चिठ्ठ्या खोलीभर उडाल्या. पाखरं तशीच उताणी. मी खाली बसून चिठ्ठ्या गोळा केल्या. कोणती कुणाची, काही कळेना. मी अंदाजाने बांधल्या. छापील कार्डांचा विचार सोडून दिला. जुनाच दोरा, काकांचीच गाठ. खण ढकलला. कुणाला काही कळलं नसतं.

जाणकारांनी नेमका तोच खण ओढला. तिसरंच पाखरू उचलून म्हणाले, "यावर धान वटवट्या लिहिलंय. हा तो नाही." दुसरं उचललं, चौथं उचललं. प्राचार्य बाजूला उभे, समिती उभी. "चिठ्ठ्या कोण लिहितं?"

काका आदल्या दिवशीच परतले होते. पुढे आले. चष्मा लावला, चिठ्ठी उलटसुलट केली. गाठीवर अंगठा फिरवला.

"अक्षर माह्यं. गाठबी माहीच," ते म्हणाले.

जाणकार वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "वय होतं, काका. एकदा डोळे तपासून घ्या."

काका माझ्याकडे पाहून ओशाळं हसले, जणू माझीच माफी मागत होते. "असन जी. गेले असन डोळे."

मी गप्प राहिले. मला बोलायला तेवढाच क्षण होता असंही नाही. ती दुपार होती, दुसरा दिवस होता, पूर्ण आठवडा होता. मी कायम झाले त्याच वर्षी.

पण त्यापुढे जे झालं ते मी कधी धरून चाललेच नव्हते. काकांनी आंधळगावहून लुगड्याच्या काठाचा लाल दोरा आणला आणि मला म्हणाले, "मॅडम, खण धरा." जुने प्राध्यापक गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्यांनी स्वतः ओळखून लिहिलेल्या प्रत्येक पाखराच्या पायात त्यांनी लाल दोरा बांधला. लाल म्हणजे शंकास्पद, याच्यावर विसंबू नये. तीनशेच्या वर पाखरं. चार दुपारी लागल्या. मी खण धरून उभी होते.

"सगळ्यांना काहून बांधता, काका? चुकले ते एकाच खणातले."

"ज्याचे डोळे एका खनात चुकले, त्याचे बाकीच्यात कसे चुकले नसन? उद्या कोनी शिकाले आला अन् माह्या भरवशावर फसला तं?"

त्यानंतर त्यांनी टाक उचलला नाही. नोकरीची चार वर्षं उरली होती. झाडलोट केली, काचा पुसल्या. पाखरं येत राहिली. ती घेणारं कुणी नव्हतं. वरठीचा तो माणूस एकदा खंड्या घेऊन आला, तेव्हा काका त्याला म्हणाले, "आता नोको आनत जाऊ रे बाबू." आणि दोघांनी मिळून तो कॉलेजमागच्या कडुनिंबाखाली पुरला. मी खिडकीच्या खरवडलेल्या हिरव्या रंगातून पाहत होते. निवृत्त होऊन काका लेकीकडे कोंढ्याला गेले. मी विभागप्रमुख झाले. कधीकधी स्वप्न पडायचं: मी खण ओढते आणि सगळी पाखरं एका कुशीवर वळलेली, माझ्याकडे पाठ करून.

गेल्या हिवाळ्यात एक संशोधक मुलगी आली. या भागातल्या तळ्यांवर पूर्वी कोणते पक्षी यायचे, याचा तिचा अभ्यास. आठवडाभर खण काढून बसली. जाताना म्हणाली, "मॅडम, संग्रह सुंदर आहे. पण कामाचा भाग नेमका लाल दोऱ्याचा निघाला. तो वगळते." आणि वहीवर सरळ रेघ मारली. ती रेघ काकांच्या अकरा वर्षांवरून गेली.

त्या रविवारी मी कोंढ्याला गेले. काका अंगणात बाजेवर बसून लाखोळीच्या शेंगा सोलत होते. वाळले होते, पण मला चालीवरून ओळखलं. लेकीने चहा आणला. चहा थंड होईस्तोवर मी हवापाण्याचं बोलले. मग सगळं सांगितलं. लाईन, पंखा, माझ्या हातची गाठ.

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी विचारलं, "किती उडाल्या?"

"बावीस."

"फकस्त बावीस?"

"हो, काका."

"अन् मी तीनशे पाखरं खोटे ठरवले." आवाज चढला नाही. "तवा काहून नाही सांगतलं? मी अजून चार वर्ष लेहलं असतं न."

आयुष्यात पहिल्यांदा ते मला 'तू' म्हणाले. "तू त्या चार दुपारी खन धरून उभी होती. मी म्हनो, पोरगी किती मायाळू, तिचे डोळे भरून राह्यले."

लेक आतून बाहेर आली, आमच्याकडे पाहून परत आत गेली.

निघताना मी पायांना हात लावायला वाकले, तर त्यांनी पाय बाजेवर ओढून घेतले. फाटकाशी पोचले तेव्हा मागून हाक आली. "बुधवारी गाडी पाठव. कैची धारेची पाह्यजे."

ते सहा बुधवार आले. त्याच खोलीत, त्याच खुर्चीत. मी पाखरू हातात द्यायची, ते चिठ्ठी वाचायचे, पाखराकडे पाहायचे, मान हलवायचे आणि लाल दोरा कापायचे. बोलणं कामापुरतं. पण तिसऱ्या बुधवारी एक हळद्या हातात आला, तेव्हा स्वतःशीच म्हणाले, "अरे, तू तं खराच होता." आणि त्याला दोन्ही तळव्यांत धरून बसून राहिले. बाहेर घंटा झाली, मुलं जिन्यावरून धावत उतरली, तरी आम्ही दोघं त्या हिरव्या उजेडात हललो नाही.

शेवटी ते बावीस वटवटे. त्यांच्या चिठ्ठ्या सोडून, एका वेळी एकच गाठ, आम्ही पंख मोजले आणि चिठ्ठीवरच्या आकड्यांशी जुळवले. पंधरा आपापल्या चिठ्ठीला लागले. सातांची मापं एकमेकांत इतकी मिसळली की काकांनीही हात टेकले. "राहू दे. अंदाज नाही करायचा."

त्या संध्याकाळी कोंढ्याच्या फाटकाशी गाडीतून उतरताना मी विचारलंच, "काका, मला माफ केलंत?"

"माफीचं मले नाही समजत," ते म्हणाले. "काम झालं. सात राह्यले. त्याइची चिठ्ठी तू लेह. खरी."

धान कापणीला आलं आणि लेकीचा फोन आला. काका दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

मी टाक घेतला, त्यांची शाई घेतली. सात चिठ्ठ्यांवर एकच मजकूर लिहिला: 'गाव माहीत नाही. मूळ चिठ्ठी माझ्या निष्काळजीपणाने दुसऱ्या चिठ्ठ्यांत मिसळली, आणि ती गोष्ट मी तेरा वर्षं लपवली. काकांचा दोष नाही.' खाली माझं पूर्ण नाव. मग प्रत्येक पाखराच्या पायाला बांधली.

गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाची मुलं खोली पाहायला आली. एका मुलीने तो खण ओढून चिठ्ठी मोठ्याने वाचली. तिने नाव पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ह्या कोन जी, मॅडम?"

"मी," मी म्हणाले.